तांबड्या पाण्यावर आरओचा उतारा? आमच्या पंचायत मंडळाला खुले पत्र

माननीय सरपंच, सर्व पंच आणि ग्राम पाणी व स्वच्छता समितीचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या ग्रामसभेत, निम्मी माणसे उठून गेल्यावर, तुम्ही गावात तीन ठिकाणी नाणे टाकून पाणी देणारी आरओ यंत्रे (बारीक छिद्रांच्या पटलातून दाबाने पाणी ढकलून त्यातले क्षार काढणारी) बसवण्याचा ठराव संमत केलात. मी तेव्हा उभी राहून बोलले, ते इतिवृत्तात आलेले नाही. नंतर लेखी आक्षेप दिला. त्यावर आवक शिक्का मिळाला, उत्तर मिळाले नाही. म्हणून आता सर्वांदेखत लिहिते आहे. गावाचे नाव मुद्दाम घातलेले नाही. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या खाणपट्ट्यातल्या कुठल्याही पंचायतीत उद्या असाच ठराव येऊ शकतो, तिथल्या लोकांनीही हे वाचावे.

मी कोण ते तुम्ही जाणता. इतरांसाठी दोन ओळी: रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले, लग्न होऊन या गावात आले, घर आणि कुळागर सांभाळते. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवून तपासणी संच हातात द्यायचे ठरले, त्या पाचजणींपैकी मी एक. माझा धाकटा मुलगा अंगणवाडीत ज्या पिंपातले पाणी पितो, त्याच पिंपाचा नमुना मी बाटलीत भरते. या ठरावात मला रस का, असे एका पंचांनी विचारले होते. त्याचे उत्तर एवढेच आहे.

आधी आपले पाणी कसले आहे ते बोलू, कारण ठरावात त्याबद्दल एक शब्दही नाही.

गावाला तीन प्रकारचे पाणी मिळते. शुद्धीकरण प्रकल्पातून येणारे नळाचे, वाड्यावाड्यांतल्या विहिरींचे, आणि वरच्या वाड्यावर उन्हाळ्यात टाकीत चढवले जाणारे बोअरवेलचे. जांभ्या दगडातून झिरपलेले आपले विहिरीचे पाणी मऊ असते. त्यात विरघळलेले क्षार थोडे, आणि ते किंचित आंबट, म्हणजे त्याचा पीएच ७ च्या खाली असतो. साबणाला फेस चांगला येतो, डाळ लवकर शिजते, भांड्याला पांढरा थर धरत नाही. हे पाणी खारट नाही, हे कुणीही जिभेने सांगेल.

त्यात जास्त आहे ते लोह, आणि काही ठिकाणी त्याच्या जोडीला मँगनीज. बोअरवेलमधून उपसलेले पाणी कळशीत भरताना स्वच्छ दिसते आणि काही वेळाने तांबडे होते, हे वरच्या वाड्यावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. जमिनीखाली हवा नसते तेव्हा लोह पाण्यात विरघळलेल्या, रंगहीन रूपात राहते. वर येऊन हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तो तळाशी बसतो. पांढऱ्या गणवेशावर पिवळट डाग पडतात, भात लालसर होतो, चहा काळा पडतो. मँगनीजचे डाग काळे असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लोहाची मर्यादा २०१२ साली लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती, २०१५ च्या दुरुस्तीत ती १ मिलिग्रॅम झाली. कपड्यांवरचे डाग मात्र ०.३ पासूनच सुरू होतात, दुरुस्ती त्यांना कुणी वाचून दाखवलेली नाही. लोहाने माणूस लगेच आजारी पडत नाही. मँगनीजबद्दल जास्त जपायला हवे. आपल्या मानकात त्याची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत सवलत. जागतिक आरोग्य संघटनेने अलीकडे तान्ह्या बाळांचा विचार करून ०.०८ हा तात्पुरता आकडा दिला आहे.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. पहिल्या जोरदार सरीनंतर ओहोळ लाल होऊन वाहतो. एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. त्या टाकाऊ मातीचे डोंगर आपल्या डोक्यावर वर्षानुवर्षे उभे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये खाणींच्या ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, पण डोंगर काही न्यायालयाच्या आदेशाने हलले नाहीत. खाणींविषयी लिहायचे तर वेगळे पत्र लागेल. इथे मुद्दा एवढाच की पावसात विहिरीत गढूळपणा जातो आणि गढूळपणाबरोबर जंतू जातात. आमच्या संचातली जंतू-तपासणीची बाटली पाणी भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत काळी पडली तर ते पाणी मलमूत्राच्या जंतूंनी दूषित समजायचे. पावसाळ्यात कुठल्या विहिरींच्या बाटल्या काळ्या पडतात ते आमच्या वहीत नोंदलेले आहे.

तर लोह, कुठे मँगनीज, पावसाळ्यात गढूळपणा आणि जंतू. हा आपला आजार आहे, आणि ठरावातले औषध क्षारांवरचे आहे.

पहिली तक्रार त्या प्रात्यक्षिकाची. कंपनीच्या माणसाने ग्रामसभेत दोन ग्लास मांडले, एकात आपल्या नळाचे पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्यांचे उपकरण सोडले, वीज चालू केली. मिनिटाभरात नळाचे पाणी गंजासारखे तांबडे-काळे झाले, त्याचे पाणी तसेच राहिले. सभेत हाय खाल्ल्यासारखी शांतता पसरली. ज्या गावाने आयुष्यभर तांबडे पाणी पाहिले, त्याला हे दाखवले तर दुसरे काय होणार?

तो गंज पाण्यातला नव्हता, कांडीतला होता. त्या उपकरणात लोखंडाच्या कांड्या असतात. पाण्यात थोडे जरी क्षार असले तरी त्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा गाळ होतो. आरओच्या पाण्यातून क्षार काढून टाकलेले असतात, वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. उत्तम झऱ्याचे पाणीही या उपकरणात तांबडे होईल. मी म्हटले, तुमच्या ग्लासात चिमूटभर मीठ घाला आणि पुन्हा तेच करून दाखवा. वेळ संपल्याचे मला सांगण्यात आले. मीठ समोरच्या चहाच्या गाड्यावर होते, फार लांब जायचे नव्हते.

त्या माणसावर माझा राग नाही, माल विकणे हे त्याचे काम. तपासणे हे तुमचे काम होते, आणि गावात पाणी तपासणाऱ्या पाचजणी असताना तुमच्यापैकी कुणी आमची वही मागितली नाही. आम्ही नमुने घेतो, निकाल वर कळवतो, ते कुठल्याशा संकेतस्थळावर चढतात. पंचायतीच्या फलकावर मात्र आजवर एकही निकाल लागलेला नाही. ठराव करण्यापूर्वी अधिकृत प्रयोगशाळेचा अहवालही सभेत वाचला गेला नाही. नक्की काय काढायचे हे न ठरवता यंत्र ठरले.

दुसरी तक्रार यंत्राबद्दलच. आरओ वाईट असे मी म्हणत नाही. खाडीकाठच्या ज्या विहिरींत खारे पाणी शिरले आहे, तिथे ते लागेल. पण राष्ट्रीय हरित लवादाने २० मे २०१९ च्या आदेशात केंद्राला सांगितले की पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी आणावी, आणि जिथे परवानगी असेल तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात यावे. आपल्या विहिरी त्या ५०० च्या आसपासही फिरकत नाहीत. साध्या आरओमध्ये एक लिटर पाण्यामागे तीनेक लिटर पाणी बाहेर फेकले जाते. मे महिन्यात वरच्या वाड्यावर टँकर येतो तेव्हा हा हिशेब कोण समजावणार? ते फेकलेले पाणी कुठे सोडणार, हेही ठरावात नाही. मऊ पाण्यातून उरलेसुरले क्षार काढून ते आणखी आंबट करायचे आणि मग चवीसाठी त्यात खनिजे घालणारी वेगळी नळी विकत घ्यायची, हाही एक व्यवहार आहे.

आणि मुख्य गोष्ट तर कुणीच विचारली नाही. लोह आणि मँगनीज आरओच्या पटलाचे वैरी आहेत. पटलाच्या बारीक छिद्रांवर गंज बसला की ते चोंदते. म्हणून लोह असलेले पाणी आरओला देण्याआधी त्यातले लोह काढावे लागते, हे यंत्र बनवणारेच सांगतात. म्हणजे लोह काढण्याची गाळणी आपल्याला बांधावीच लागणार. ती नीट चालली तर आपल्या पाण्यात आरओने काढण्यासारखे फारसे उरत नाही. ती चालली नाही तर आरओही चालणार नाही.

ती गाळणी आपल्याकडे आहे, आणि तिसरी तक्रार तिचीच. वरच्या वाड्यावर टाकीशेजारी सिमेंटची जी चौकोनी पेटी उभी आहे ती लोह काढण्याची गाळणी होती. आता तिच्यावर निवडणुकीची पत्रके चिकटवतात आणि सावलीला बकऱ्या बांधतात. नव्या पंचांपैकी काहींना ती काय आहे हे ठाऊकच नसेल, म्हणून सविस्तर लिहिते.

वरून पाणी तुषारांनी किंवा भोकांच्या थाळ्यांतून पडले की त्यात हवा मिसळते आणि लोहाचा गंज होऊ लागतो. तो खडी, कोळसा आणि वाळूच्या थरांत अडकतो. आसामात घरोघरी वाळू-कोळशाच्या गाळण्या याच कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. आपल्याकडे एक अडचण जास्त आहे: पाणी आंबट असेल तर लोहाचा गंज फार सावकाश होतो, पाणी गाळणीतून पार होऊन कळशीत गेल्यावरच तांबडे पडते. ‘फिल्टर लावूनही पाणी लालच’ ही जुनी तक्रार बहुधा यामुळेच होती. यावरचा उपाय आपल्या बाजारात उकिरड्यावर पडतो. तिसऱ्या आणि खुबे या शिंपल्यांची टरफले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. धुऊन, कुटून त्यांचा थर दिला तर पाणी त्यातून जाताना आंबटपणा मारला जातो आणि लोह वेळेत खाली बसते. गोव्यात शिंपा भाजूनच चुना करत होते, तेव्हा हा पदार्थ काही आपल्याला परका नाही. टरफले विरघळत जातात, म्हणून मधूनमधून भर घालावी लागते.

मँगनीज जास्त हट्टी. नुसत्या हवेने ते लवकर उतरत नाही. त्यासाठी मँगनीज डायऑक्साइडचा लेप असलेली वाळू वापरतात. विरघळलेले मँगनीज त्या काळ्या लेपावर धरले जाते आणि हळूहळू त्याचाच भाग होते. पदार्थाच्या पृष्ठभागाने पाण्यातले काही नेमके कण स्वतःवर ओढून धरायचे, यालाच अधिशोषण म्हणतात. स्वस्त अधिशोषक म्हणून देशभरातल्या प्रयोगशाळांत भाताचे तूस, नारळाची करवंटी, राख, चिकणमाती, लाल माती, काय काय तपासले गेले आहे. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्राने तुसाच्या राखेवर पाण्याची गाळणी केली होती, आणि पुढे २००९ मध्ये त्याच राखेवर चांदीच्या सूक्ष्म कणांचा लेप देऊन स्वस्त घरगुती गाळणी बाजारात आली.

इथे थोडे सावध बोलते, कारण ‘स्वस्त आणि गावठी ते सगळे चांगले’ हीसुद्धा एक अंधश्रद्धाच. अशा पदार्थांवरचे पुष्कळ प्रयोग ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेल्या शुद्ध पाण्यात निळा रंग मिसळून होतात आणि निकाल ९९ टक्के येतो. खऱ्या विहिरीत एकाच वेळी दहा गोष्टी असतात, त्या जागेसाठी भांडतात आणि ती टक्केवारी घसरते. जांभ्याचेच घ्या. आयआयटी खरगपूरने जांभ्या मातीवर आम्ल-अल्कलीची प्रक्रिया करून बंगालमधल्या आर्सेनिक या विषारी पदार्थाच्या पाण्यासाठी गाळणी तयार केली, तिचा उपयोग तिथे झाला. त्यातले लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड आर्सेनिकला धरून ठेवतात. आपल्याकडे चिरेखाणींवर जांभ्याचा भुगा ढिगांनी पडलेला असतो म्हणून उद्या कुणी तो गाळणीत भरायला निघेल, तर मी विरोध करीन. आपला त्रास आर्सेनिकचा नाही. करवंटीच्या सक्रिय कोळशाचेही तसेच. वाफेवर आठशे-नऊशे अंशांना भाजलेल्या त्या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजारेक चौरस मीटर पृष्ठभाग असतो. तो वास, रंग, फवारणीच्या औषधांचे अंश धरतो, पण लोहाला त्याचा फारसा भरवसा नाही. आणि प्रत्येक अधिशोषक कधी तरी भरतो. भरल्यावर बदलला नाही तर गाळणी असून नसल्यासारखी.

आपली पेटी नेमकी अशीच मेली. तिच्यात दोष नव्हता. तिची वाळू उलट्या पाण्याने धुवायची होती, ते कुणाचे काम हे कुठे लिहिलेले नव्हते. बांधकामाचे बिल निघाले, फोटो निघाला, देखभालीचे शीर्षकच नव्हते. जी पंचायत वाळू धुण्याचे पैसे ठेवू शकली नाही, ती आरओच्या वार्षिक देखभालीचे पैसे कुठून आणणार? ठरावात पहिल्या वर्षापुढचा खर्च नाही, पटले कोण बदलणार ते नाही, यंत्र बंद पडल्यास किती दिवसांत दुरुस्त करायचे तेही नाही.

चौथी तक्रार थोडी मनाला लागलेली आहे. शाळा आणि अंगणवाडीसाठी मातीच्या गाळण्या आणून पाहू, असे मी सुचवले तेव्हा एक पंच म्हणाले, “आता परत मडक्यातले पाणी प्यायचे काय?” सभा हसली. मीही हसले, पण उत्तर द्यायला माइक मिळाला नाही, ते आता देते.

भाजलेल्या मातीतून पाणी गाळण्याची युक्ती मागासलेली नाही. लंडनमध्ये थेम्सचे पाणी गटारासारखे होते तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, डोल्टन कंपनीने सिरॅमिक, म्हणजे भाजलेल्या मातीची, गाळणी काढली. १८८४ मध्ये पाश्चरच्या प्रयोगशाळेत चेंबरलँडने चिनी मातीची अशी नळी केली की जंतू तिच्यात अडकत. १९८१ मध्ये ग्वाटेमालात फर्नांडो मासारिएगोस यांनी कुंभारांना करता येईल असे गाळणीचे भांडे तयार केले. माती आणि लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस ठरल्या मापाने कालवायचे, साच्यात दाबायचे, साधारण ८५० ते ९०० अंशांना भाजायचे. भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे उरतात. वरून चांदीच्या कलिलाचा, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगणाऱ्या द्रवाचा, लेप देतात. तासाला एक ते तीन लिटर पाणी त्यातून ठिबकते. मध्य अमेरिकेपासून कंबोडियापर्यंत अशी भांडी वापरात आहेत. आपल्या देशात भुवनेश्वरच्या सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) प्रयोगशाळेने कुंभाराची लाल माती, नदीची वाळू आणि लाकडाचा भुसा यांपासून ‘टेराफिल’ ही चकती केली. ती गढूळपणा आणि जंतू यांबरोबर लोहही बऱ्यापैकी काढते, आणि १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशात तिचा वापर झाला. आपल्याला नेमके हेच काढायचे आहे ना?

याच्या पुढची पायरी सिरॅमिक पटलांची. कारखान्यांत वापरतात ती ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची) पटले महाग असतात, कारण कच्चा मालही महाग आणि भाजायला १४०० अंशांच्या वर उष्णता लागते. आयआयटी गुवाहाटीसारख्या ठिकाणी केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, आणि साध्या चिकणमातीपासून, १००० अंशांच्या आतबाहेर भाजून स्वस्त पटले करण्यावर बरेच काम झाले आहे. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने तर सिरॅमिक पटलांचे संच बंगालच्या गावांत आर्सेनिक आणि लोह काढण्यासाठी बसवले. पाण्यात आधी धरून ठेवणारा पदार्थ मिसळायचा आणि मग तो गाळ पटलाने अडवायचा, अशी त्यांची जोडगोळी आहे. आरओच्या प्लॅस्टिकच्या पटलाला क्लोरीन सोसत नाही, सिरॅमिकचे पटल उलट्या पाण्याने किंवा रसायनाने धुऊन वर्षानुवर्षे वापरता येते. वीज लागते ती पंपापुरती, आरओच्या मानाने खूपच कमी.

मर्यादाही सांगते, नाहीतर मीही त्या कंपनीच्या माणसाच्या रांगेत बसेन. मातीची गाळणी विरघळलेले क्षार काढत नाही. जंतू साधारण एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपासचे, ते अडकतात. विषाणू त्याहून कितीतरी लहान, ते निसटू शकतात. म्हणून पावसाळ्यात क्लोरीन किंवा उकळणे सुटत नाही. गाळणी चोंदते, ती दर थोड्या दिवसांनी मऊ ब्रशने घासावी लागते. पडली तर फुटते, आणि केसाएवढी भेग पडली तर फुटलेली दिसत नाही पण काम करत नाही. खालचे भांडे घाणेरडे असेल तर गाळलेले पाणी पुन्हा बिघडते. आणि हे कुणाही कुंभाराने घरच्या आव्यावर करायचे काम नव्हे. आव्यात एका बाजूला आच जास्त, एका बाजूला कमी. चांगल्या कारखान्यात प्रत्येक भांड्याचा वेग मोजतात आणि ज्यातून पाणी भराभर निघते ते भांडे फोडून टाकतात. आपली डिचोली मातीकामासाठी नावाजलेली, हात इथे आहेत. पण मोजमाप आणि भट्टी यांची जोड मिळाल्याशिवाय मी माझ्या मुलाला ते पाणी पाजणार नाही.

पाचवी गोष्ट पैशांची, थोडक्यात. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला होता, म्हणजे या कामासाठी पैसाच नव्हता असे म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये गोवा सरकारने महिन्याला १६,००० लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना आणली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोवा ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य ठरले. त्या राज्यातल्या गावात पिण्याच्या पाण्यासाठी नाणे टाकायला लावणे हे तुम्हाला खटकत नाही का? आणि ज्या घरात नाणे मोजून ठेवतात ते घर तांबडेच पाणी पिईल, एवढे तरी पाहा.

आता मागण्या. मी त्या पाचजणींच्या वतीने नाही, स्वतःच्या वतीने करते, पण ज्यांना पटतील त्यांनी आपली सही जोडावी.

यंत्र खरेदीची प्रक्रिया थांबवा आणि आधी तपासणी करा. वरच्या वाड्याची बोअरवेल, सार्वजनिक विहिरी, शाळा आणि अंगणवाडीचा नळ, यांचे नमुने अधिकृत प्रयोगशाळेत एकदा ऐन उन्हाळ्यात आणि एकदा पावसाच्या सुरुवातीला जाऊ द्या. लोह, मँगनीज, पीएच, एकूण क्षार, गढूळपणा, जंतू, एवढे तरी पाहिजे. अहवाल मराठी आणि कोकणीत पंचायतीच्या फलकावर आणि रेशन दुकानात लावा, आमच्या वहीतले निकालही त्याखाली लावा. एखाद्या विहिरीत खरोखर क्षार मर्यादेबाहेर निघाले तर त्या विहिरीपुरत्या आरओला मी स्वतः अनुमोदन देईन.

वरच्या वाड्याची पेटी चालू करा. वाळू-खडी नवी, वर हवा मिसळणाऱ्या थाळ्या, शिंपल्यांचा थर, आणि अहवालात मँगनीज आले तर लेपाची वाळू. ती धुण्यासाठी वाड्यावरच्याच एका व्यक्तीला मानधन द्या आणि ते अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. मानधनाविना ‘लोकसहभाग’ म्हणजे बायकांच्या माथी आणखी एक काम, हे आम्हाला पाठ झाले आहे.

शाळेत आणि अंगणवाडीत टेराफिलसारख्या किंवा सिरॅमिक कँडलच्या गाळण्या वर्षभर चालवून पाहा. आधीचे आणि नंतरचे पाणी आम्ही दर महिन्याला तपासू. फर्मागुढीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, झुआरीनगरला बिट्स आहे, ताळगावला विद्यापीठ आहे. त्यांच्याकडे रीतसर पत्र पाठवून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी आपले पाणी द्या. विद्यार्थ्यांना खऱ्या विहिरीचे पाणी मिळेल, निळ्या रंगाचे नको.

पुढे कोणतीही गाळणी घ्याल, स्वस्त असो वा महाग, तिच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या: आतला माल कधी आणि कोण बदलणार, वापरून झालेला माल आणि गाळ कुठे टाकणार, बंद पडल्यास किती दिवसांत दुरुस्ती. लोहाचा गाळ ओहोळात सोडायचा असेल तर आपण खाणवाल्यांना नावे ठेवू नयेत.

मृगाच्या आधी सार्वजनिक विहिरींचे कठडे आणि भोवतीची फरशी दुरुस्त करा, पहिल्या पावसानंतर ब्लीचिंग पावडर मापाने टाका, अंदाजाने मूठभर नव्हे. नळाच्या शेवटच्या घराला मुक्त क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असायला हवे. ते मोजण्याची सोय आमच्या संचात आहे.

आणि गेल्या सभेतला माझा आक्षेप इतिवृत्तात घाला. पुढच्या रविवारच्या ग्रामसभेत हा विषय लोक उठून जाण्याआधी, पहिल्या क्रमांकावर घ्या. कंपनीच्या माणसालाही बोलवा. त्याचे उपकरण आणि दोन ग्लास त्याने आणावेत, मीठ मी आणते.

आपली,
वरच्या वाड्यावरची एक पाणी तपासनीस